बायोस उडाला!

निळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं. वर ‘फ्लॅश मेमरी रायटर’ असं शीर्षक, खाली फाइलचं नाव टाइप करायला जागा. नाव दिलं की प्रोग्रॅम विचारतो, जुना बायोस जपून ठेवायचा का? मग दुसरा प्रश्न, नक्की लिहायचं ना? होकार दिला की चौकोनांची रांग भरत जाते आणि सूचना झळकते: वीज बंद करू नका, रीसेट दाबू नका. ॲवॉर्ड सॉफ्टवेअरच्या या लहानशा डॉस प्रोग्रॅमसमोर १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात जगभरच्या कॉम्प्युटरवाल्यांनी श्वास रोखून धरला. काम मिनिटभराचंही नव्हतं. पण त्या वेळात फ्लॉपी खराब निघाली, फाइल दुसऱ्याच मॉडेलची निघाली किंवा दिवे गेले, तर पुढच्या वेळी पंखा फिरे, हार्ड डिस्क घरघरे आणि स्क्रीन काळीच राही.

दुरुस्तीच्या दुकानांत या अवस्थेला ‘नो डिस्प्ले’ म्हणतात, आणि कारण कळलं की ‘बायोस उडाला’. दुसऱ्या शब्दप्रयोगात वस्तुस्थिती नेमकी आलेली आहे. बोर्डवरचा एकही भाग जळलेला नसतो. प्रोसेसर, रॅम, रेझिस्टर, कपॅसिटर सगळं जागच्या जागी. उडालेला असतो तो फक्त एका चिपमधला मजकूर. तो पुन्हा लिहिता आला तर बोर्ड जिवंत, नाहीतर भंगार. तो मजकूर परत कसा लिहायचा, हा प्रश्न पर्सनल कॉम्प्युटरच्या पहिल्या दशकात कुणाला पडलाच नव्हता, कारण तेव्हा चिप बोर्डावर असताना तो पुसताच येत नसे.

बायोस हा शब्द गॅरी किल्डॉल यांचा. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथल्या नौदलाच्या पदव्युत्तर शाळेत शिकवणाऱ्या किल्डॉल यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यात सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली आणि तिच्यात एक व्यवहारी विभागणी केली. प्रत्येक यंत्रागणिक बदलणारा, कीबोर्ड-डिस्क-स्क्रीनशी बोलणारा भाग वेगळा काढला. त्याचं नाव बायोस. आयबीएमने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर, मॉडेल ५१५०, बाजारात आणला तेव्हा हा भाग डिस्कवरून मदरबोर्डवरच्या रॉम चिपमध्ये गेला. आकार होता अवघा ८ किलोबाइट. त्याचा संपूर्ण असेंब्ली कोड आयबीएमने आपल्या टेक्निकल रेफरन्स पुस्तकात छापला. वाचा, पण नक्कल करू नका, असा तो मामला होता. पुढे नक्कल करणाऱ्या ईगल आणि कोरोना या कंपन्यांना आयबीएमने १९८४ मध्ये कोर्टात खेचलंही. कॉम्पॅक आणि फिनिक्स यांनी मात्र शहाणपणाचा रस्ता धरला. मूळ कोड वाचणाऱ्यांची तुकडी एका खोलीत आणि नवा लिहिणाऱ्यांची दुसऱ्या खोलीत ठेवून त्यांनी कायद्याच्या चौकटीत स्वतःचे बायोस तयार केले.

त्या काळातला ‘फर्मवेअर अपग्रेड’ कसा असे, याचं चांगलं उदाहरण याच मॉडेल ५१५० मध्ये सापडतं. सुरुवातीच्या बायोसला वाढीव कार्डांवरचे स्वतंत्र रॉम ओळखता येत नव्हते. त्यामुळे हार्ड डिस्क लावायची म्हटली की अडचण. २७ ऑक्टोबर १९८२ अशी तारीख असलेल्या बायोसने ती दूर केली. पण तो मिळवायचा म्हणजे नवी चिप आणायची, खोक्याचं झाकण उघडायचं, जुनी चिप सॉकेटमधून उपटायची आणि नवी बसवायची. काही चुकलंच तर जुनी हातात असतेच, ती परत लावायची. खर्चिक आणि कंटाळवाणं काम, पण जिवावर बेतणारं नाही.

कॉम्प्युटर बनवणाऱ्यांची सोय वेगळी होती. त्यांच्याकडे ईपीरॉम होती. इंटेलमध्ये काम करणारे डॉव्ह फ्रोमन यांनी १९७१ मध्ये ती साकारली. पहिल्या १७०२ चिपमध्ये २५६ बाइट मावत. तिच्या पाठीवर क्वार्ट्झची गोल खिडकी असे. अतिनील दिव्याखाली पंधरा-वीस मिनिटं ठेवली की आतला मजकूर पुसला जाई, मग प्रोग्रामर यंत्रात घालून नवा लिहायचा. उजेडाने मजकूर खराब होऊ नये म्हणून त्या खिडकीवर स्टिकर चिकटवत. जुन्या ३८६ आणि ४८६ बोर्डांवर जी चकचकीत एएमआयची किंवा ॲवॉर्डची लेबलं दिसतात, त्यांच्याखाली बऱ्याचदा अशी खिडकी झाकलेली असते. एएमआय म्हणजे सुब्रमण्यन शंकर यांनी १९८५ मध्ये अमेरिकेत सहसंस्थापक म्हणून उभी केलेली अमेरिकन मेगाट्रेंड्स. भारतातल्या एका पिढीने कॉम्प्युटर सुरू होताना पहिल्यांदा जी नावं वाचली, त्यांत तिचं नाव वरचं.

पुसण्याचं काम चिप न काढता, विजेनेच झालं तर? ईईपीरॉममध्ये ते जमत होतं, पण ती महाग पडे. तोशिबातले अभियंते फुजियो मासुओका यांनी स्वस्त तोड काढली. एकेक बाइट पुसण्याची चैन सोडून द्यायची आणि मोठा भागच्या भाग एका झटक्यात पुसायचा. सहकारी शोजी आरिइझुमी यांना ते पुसणं कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखं वाटलं आणि त्यावरून नाव पडलं फ्लॅश. १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत भरलेल्या आयईडीएम परिषदेत मासुओकांनी हा शोध मांडला. इंटेलने १९८८ मध्ये त्याची नॉर जातीची चिप विकायला काढली. मासुओकांच्या वाट्याला काय आलं, हे सांगायला हवं. पुढे ते विद्यापीठात गेले आणि २००४ मध्ये तोशिबावर मोबदल्यासाठी एक अब्ज येनचा दावा लावला. २००६ मध्ये तडजोड झाली ती ८ कोटी ७० लाख येनवर. ज्या वस्तूवर जगातला प्रत्येक मोबाइल उभा आहे, तिच्या जनकासाठी ही रक्कम चिल्लरच म्हणायची.

फ्लॅश मदरबोर्डवर आली ती १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात आणि पेंटियमच्या काळात रुळली. आता बायोस बदलायला झाकण उघडायची गरज उरली नाही. फ्लॉपीवर फाइल आणली, प्रोग्रॅम चालवला, संपलं. पण या सोयीत एक पेच होता. मशीन सुरू होण्यासाठी बायोस लागतो आणि बायोस लिहिण्यासाठी मशीन सुरू असावं लागतं. बसलेली फांदीच तोडून तिच्या जागी नवी बसवायची आणि मधल्या वेळात खाली पडायचं नाही, असा हा प्रकार. इंटेलला याची जाणीव होती. त्यांच्या २८एफ००१बीएक्स या १२८ किलोबाइटच्या चिपमध्ये ८ किलोबाइटचा कोपरा वेगळा राखलेला होता. त्याला बूट ब्लॉक म्हणत. बाकी सगळं पुसलं तरी हा कोपरा शाबूत राहावा अशी रचना होती. शिवाय या चिपवर लिहायला १२ व्होल्ट लागत. अनेक बोर्डांवर ते पुरवण्यासाठी जंपर असे. जंपर हलवल्याशिवाय चिपला धक्का लागत नसे.

पुढे ५ व्होल्टवरच लिहिता येणाऱ्या चिपा स्वस्त झाल्या. जंपर गैरसोयीचा वाटू लागला आणि बऱ्याच उत्पादकांनी तो गाळला किंवा ‘लिहायला परवानगी’ अशाच स्थितीत बसवून बोर्ड विकले. फुकटात मिळालेलं कुलूप असं काढून टाकलं गेलं.

त्याची किंमत २६ एप्रिल १९९९ रोजी कळली. त्या सोमवारी सकाळी अनेक देशांत ऑफिसं उघडली आणि कॉम्प्युटर उठलेच नाहीत. तैवानच्या तातुंग संस्थेत शिकणाऱ्या चेन इंग-हाउ याने आदल्या वर्षी लिहिलेला, स्वतःच्या नावाची आद्याक्षरं मिरवणारा सीआयएच व्हायरस त्या दिवशी जागा झाला होता. चेर्नोबिल दुर्घटनेचीही तारीख हीच, म्हणून वर्तमानपत्रांनी त्याला चेर्नोबिल म्हटलं. आकाराने तो साधारण किलोबाइटभर. विंडोज ९५ आणि ९८ च्या प्रोग्रॅम फाइलींमधल्या रिकाम्या जागांत तो स्वतःचे तुकडे भरी, त्यामुळे फाइलचा आकार वाढत नसे आणि संशयही येत नसे. ठरल्या दिवशी तो दोन वार करी. हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसे आणि बायोसच्या फ्लॅश चिपवर कचरा लिहायचा प्रयत्न करी. दुसरा वार सगळीकडे लागू पडला नाही. इंटेलच्या ४३०टीएक्स चिपसेटच्या बोर्डांवर मात्र तो वर्मी बसला. दक्षिण कोरियात बिघडलेल्या कॉम्प्युटरचा आकडा लाखांत गेला.

या कथेतला एक तपशील विसरण्यासारखा नाही. १९९८ मध्ये यामाहाच्या एका सीडी-रायटरसाठी प्रसिद्ध झालेल्या फर्मवेअर अपडेटमध्येच सीआयएच शिरलेला आढळला होता. ड्राइव्हचं फर्मवेअर सुधारायला गेलेला माणूस बोर्डाचं फर्मवेअर मारणारा पाहुणा घरी घेऊन येत होता. चेनचं पुढे काय झालं? तैवानमध्ये त्या वेळी एकाही नुकसानग्रस्ताने रीतसर तक्रार नोंदवली नाही, त्यामुळे तेव्हा खटलाच उभा राहिला नाही. कायदा बदलायची निकड मात्र त्या देशाला पटली.

सीआयएचने केलं ते हेतुपुरस्सर. त्याच सुमारास हजारो लोक तेच काम स्वतःच्या हाताने आणि चांगल्या हेतूने करत होते. बायोस अपग्रेड करायला तेव्हा भक्कम कारणं होती. हार्ड डिस्का दर वर्षाला फुगत होत्या आणि जुने बायोस ठरावीक टप्प्यांवर हात टेकत. पहिली भिंत ५०४ मेगाबाइटची, मग ८.४ गिगाबाइटची. साधारण ३२ गिगाबाइटपलीकडची डिस्क लावली की १९९९ पूर्वीचे काही ॲवॉर्ड बायोस मशीन सुरू होतानाच गोठून जात. त्यानंतरची भिंत १३७ गिगाबाइटवर उभी होती. त्यात सन २००० चं भूत. ॲवॉर्डच्या एका जुन्या आवृत्तीत शतक उलटताच घड्याळ सरळ २०९४ साली जाऊन बसे. नवा प्रोसेसर हेही कारण होतंच. ४४०बीएक्स चिपसेटच्या चांगल्या बोर्डावर पेंटियम-थ्री बसवायचा तर त्याला ओळखणारा बायोस हवा. जुनं मशीन फेकून नवं घ्यायची ऐपत नसलेल्याला फ्लॉपीवरची ही फुकट फाइल वरदानासारखी वाटे.

भारतात तर कॉम्प्युटर बहुधा ‘असेंबल्ड’ असे. बोर्ड एकाचा, कॅबिनेट दुसऱ्याचं, पॉवर सप्लाय तिसऱ्याचा. बोर्डवर छापलेलं मॉडेलचं नाव आणि त्यापुढचा रिव्हिजनचा आकडा कोण बघतो? पण एकाच नावाच्या बोर्डाची १.० आणि २.० ही रूपं आतून भिन्न असू शकतात आणि एकाचा बायोस दुसऱ्याला चालेलच असं नाही. चुकीच्या रिव्हिजनची फाइल वीज जाण्याइतकीच घातक ठरे. वीज तर होतीच. २००५ नंतरची काही वर्षं महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांनी तासन्‌तासांचं भारनियमन सोसलं. घरोघरी यूपीएस आले, पण स्वस्त यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते. दिवा हिरवा दिसतो, मुख्य वीज गेली की मशीन काही सेकंदांत बसतं. अनुभवी मेकॅनिक म्हणूनच बायोसला हात लावण्याआधी भिंतीवरचं बटण बंद करून यूपीएस किती वेळ तग धरतो ते पाहून घेई. फ्लॉपीचाही भरवसा नसे. पावसाळ्यात मुंबईच्या आणि कोकणाच्या दमट हवेत फ्लॉपीवर बुरशी चढते, हे त्या काळच्या कुणालाही सांगावं लागत नाही.

आता अपघात झालाच तर?

पहिला उपाय बूट ब्लॉक. तो शाबूत असेल तर मशीन पूर्ण मेलेलं नसे, बेशुद्ध असे. ॲवॉर्डच्या बोर्डांवर हा छोटा कोपरा जागा होई, उरलेल्या मजकुराची बेरीज जुळत नाही असं म्हणे आणि फ्लॉपी शोधू लागे. गंमत अशी की इतक्या लहान जागेत नव्या ग्राफिक्स कार्डांना चालवणारा कोड मावत नसे. फार तर जुन्या आयएसए स्लॉटमधल्या कार्डावर चित्र उमटे. म्हणून जाणत्या दुकानदाराच्या खणात एखादं जुनाट आयएसए व्हिडिओ कार्ड राखून ठेवलेलं असे. इतर काही कामाचं नाही, पण बेशुद्ध बोर्डाशी बोलायला तेवढंच साधन. ते नसेल तर सगळं आंधळेपणाने करायचं. डॉसची फ्लॉपी, तिच्यावर लिहिणारा प्रोग्रॅम आणि बायोसची फाइल, शिवाय ऑटोएक्झेक फाइलमध्ये आज्ञा आधीच लिहून ठेवलेली. फ्लॉपी घालायची, ड्राइव्हचा दिवा लागतो का बघायचं, आवाज ऐकत थांबायचं. एएमआयच्या बायोसमध्ये कंट्रोल आणि होम या कळा दाबून धरायच्या, फ्लॉपीवर ‘एएमआयबूट’ नावाची फाइल असली पाहिजे. इंटेलच्या स्वतःच्या बोर्डांवर एक जंपर काढला की मशीन याच वाटेला लागे.

हे सगळं बूट ब्लॉकवर अवलंबून. लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला तोही पुसायची आज्ञा दिलेली असेल, किंवा सीआयएचने तो गाठलेला असेल, तर फ्लॉपीचा दिवाही लागत नसे. मग उरे ती ‘हॉट स्वॅप’ची युक्ती. जुन्या मेकॅनिकांना विचारलं तर याच आठवणीवर त्यांची कळी खुलते.

ही युक्ती एका निराळ्याच सोयीवर उभी होती. रॉम चिप रॅमपेक्षा मंद, म्हणून १९८० च्या दशकापासून बोर्ड सुरू होताच बायोसची प्रत रॅममध्ये काढून घेण्याची पद्धत पडली. तिला शॅडो म्हणत. म्हणजे मशीन एकदा डॉसपर्यंत पोचलं की मूळ चिपची त्याला फारशी गरज नसते. मग असं करायचं: त्याच जातीचा एक चांगला बोर्ड मिळवायचा. तो सुरू करण्याआधी त्याची चिप एकदा सैल करून हलकेच परत दाबून ठेवायची. काही जण तिच्याखालून दोरा घालून ठेवत, म्हणजे नंतर सरळ वर ओढता येई. मशीन डॉसवर आलं की चालू बोर्डावरून ती चिप काढून घ्यायची. मशीनला पत्ताही लागत नाही, कर्सर लुकलुकत राहतो. रिकाम्या सॉकेटमध्ये मेलेली चिप बसवायची आणि लिहिण्याचा प्रोग्रॅम चालवायचा. मशीन समजतं आपलाच बायोस लिहितोय. लिहून झालं की वीज बंद, चिपा आपापल्या घरी.

सांगायला चार वाक्यं लागतात. करताना बोर्डात वीज खेळत असते, हातातला स्क्रू-ड्रायव्हर घसरला तर शेजारची ट्रॅक तुटते किंवा शॉर्ट होतो. बत्तीस पायांची चिप उलटी बसली तर ती गरम होऊन कायमची जाते. पीएलसीसी जातीच्या चौकोनी चिपचा एक कोपरा कापलेला असतो तो यासाठीच. त्या चिपा उपसायला खास चिमटा मिळे, पण तो नसलेल्यांनी वाकवलेल्या टाचण्यांवर भागवलं. चांगला बोर्डही गमावला अशी उदाहरणं काही कमी नाहीत. तरीही हा धोका पत्करला जाई, कारण यशाची शक्यता खरोखरच चांगली होती.

ज्यांना हे धाडस नको, त्यांच्यासाठी बाजार होता. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, लोकांच्या तोंडी मात्र १९०३ ते १९०७ या काळातल्या गव्हर्नरचंच नाव. पुण्यात तपकीर गल्ली. अशा बाजारांत रेडिओ-टीव्हीच्या काळापासून आयसीची विद्या मुरलेली होती. रंगीत टीव्हीतली चॅनेल लक्षात ठेवणारी लहानशी मेमरी आयसी बिघडली की तिच्यात नवा डेटा भरावा लागे, त्यामुळे आयसी प्रोग्रामर दुरुस्तीवाल्याकडे असायचाच. बायोसची चिप त्याच यंत्राच्या मोठ्या सॉकेटमध्ये बसे. प्रिंटरच्या पोर्टला जोडायचा विलेम नावाचा स्वस्त प्रोग्रामर २००० नंतर आला आणि हौशी लोकांनाही हे काम घरी करता येऊ लागलं. गिऱ्हाईक फक्त चिप कागदात गुंडाळून घेऊन येई, अख्खं मशीन आणायची गरज नसे.

ही शेवटची गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. चिप सुटी होती म्हणून हा सगळा व्यवहार शक्य झाला. बोर्ड नाशिकमध्ये, चिप पाकिटातून मुंबईला, दोन दिवसांत परत. बूट ब्लॉक, शॅडो, फ्लॉपी या सगळ्या युक्त्यांच्या मुळाशी एक काळं प्लास्टिकचं सॉकेट होतं आणि बोर्डवरच्या सगळ्यात स्वस्त भागांत त्याची गणना होई.

कंपन्यांनी त्याच्या जागी हुशारीचे उपाय आणले. गिगाबाइटने १९९० च्या दशकाच्या अखेरीस दोन बायोस चिपा असलेले बोर्ड काढले, एक गेली तर दुसरी पुढे येते. असूसच्या ‘क्रॅशफ्री’मध्ये फ्लॉपीबरोबर बोर्डासोबत आलेली सीडीही चाले. २०११ मध्ये एक्स७९ चिपसेटच्या बोर्डांबरोबर असूसने यूएसबीचं असं बटण दिलं की प्रोसेसर आणि रॅम न बसवताही बायोस लिहिता यावा. उत्तम कल्पना, पण महागड्या बोर्डांपुरती. स्वस्त बोर्डांवर मधल्या काळात वेगळंच घडलं. बत्तीस पायांच्या चिपची जागा आठ पायांच्या एसपीआय फ्लॅशने घेतली. नखाएवढी चिप थेट बोर्डावर डाग देऊन बसवली जाऊ लागली आणि सॉकेट हळूहळू दिसेनासं झालं. ८ किलोबाइटचा बायोस तोवर यूईएफआय नावाची छोटी ऑपरेटिंग सिस्टिमच बनला होता. आजच्या बोर्डवरची १६ मेगाबाइटची चिप आयबीएमच्या त्या मूळ रॉमच्या दोन हजार पटींहून मोठी भरते.

आणि तरी अपघात थांबले नाहीत. डिसेंबर २०१७ मध्ये उबुंटू १७.१० ही लिनक्सची आवृत्ती डाउनलोडवरून मागे घ्यावी लागली, कारण तिच्यातल्या एका ड्रायव्हरमुळे लेनोवोच्या काही लॅपटॉपचे बायोस बिघडत होते. सीआयएचसारखा कुणाचा वाईट हेतू नव्हता, लिहायची वाट तेवढी उघडी राहिली होती. पुढच्याच महिन्यात स्पेक्टर आणि मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या त्रुटींवर उपाय म्हणून घाईघाईत बायोस अपडेट निघाले. मशीन आपोआप रीस्टार्ट होऊ लागल्यावर २२ जानेवारी २०१८ रोजी खुद्द इंटेलने सांगितलं की सध्याचे अपडेट लावणं थांबवा. ज्यांनी तत्परतेने लावले होते, ते तोवर जुना बायोस शोधायला लागले होते.

जुना डेस्कटॉप जगवणाऱ्यांना आजही बायोसला हात घालावा लागतो. २०११ ते २०१४ च्या सुमाराच्या अनेक बोर्डांना एनव्हीएमई डिस्कवरून सुरू होता येत नाही. त्यांच्या बायोसमध्ये तेवढा एक ड्रायव्हर घुसवून तो परत लिहिण्याची पद्धत हौशी लोकांनी रूढ केली आहे. विंडोज १० ची मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, तेव्हा थोडी नवी मशीनं विंडोज ११ च्या अटीत बसवण्यासाठी बायोस बदलणारेही बरेच निघाले. कंपनीने न दिलेली, स्वतः बदललेली फाइल लिहिणं म्हणजे ‘हो किंवा नाही’चा तो जुना प्रश्न नव्याने अंगावर घेणं.

चुकलं तर अशा सोयी नसलेल्या बोर्डांवर आता वाट एकच, बाहेरून लिहिणं. सीएच-३४१ए नावाचा काळा यूएसबी प्रोग्रामर आणि आठ दातांची क्लिप, दोन्ही मिळून एका जेवणाच्या बिलात बसतात. क्लिप बोर्डावरच्या चिपला चावा घेते आणि फ्लॅशरॉमसारखा प्रोग्रॅम तिच्याशी बोलतो. हा प्रोग्रॅम निघाला लिनक्सबायोसच्या घरातून, म्हणजे १९९९ मध्ये अमेरिकेच्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत रॉन मिनिच यांनी सुरू केलेल्या आणि आता कोअरबूट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकल्पातून. स्वस्ताईलाही खोट असतेच. त्या काळ्या बोर्डांपैकी अनेकांच्या डेटाच्या तारांवर ३.३ व्होल्टऐवजी ५ व्होल्ट येतात. सावध माणूस आधी मल्टिमीटर लावतो किंवा तार तोडून सुधारून घेतो. १.८ व्होल्टच्या चिपांना वेगळा ॲडॉप्टर लागतोच.

क्लिप लावल्यावर पहिलं काम लिहिण्याचं नाही, वाचण्याचं. उडालेल्या बायोसचाही मजकूर जपायचा, कारण नेटवर्कचा मॅक पत्ता आणि मशीनचा अनुक्रमांक बऱ्याचदा त्याच चिपमध्ये असतो. कंपनीची फाइल सरळ वरून ओतली की बोर्ड जागा होतो, पण नेटवर्कला ओळख हरवलेली असते. चिप दोनदा वाचायची आणि दोन्ही फाइली तंतोतंत जुळतात का पाहायचं. जुळल्या नाहीत तर क्लिप नीट बसलेली नाही, पुन्हा लावायची. मग पुसणं, लिहिणं, पडताळणं. या सगळ्यात बोर्डाची स्वतःची वीज बंद असते आणि ज्या मशीनवरून लिहायचं ते दुसरंच असतं. चाळीस वर्षांपूर्वी ईपीरॉम लिहिणारे असंच करत.

क्लिप काढली, पॉवर सप्लाय जोडला, बटण दाबलं. नवा बायोस पहिल्या सुरुवातीला रॅमची ओळख करून घेतो, त्यात मिनिटभर स्क्रीन काळी राहू शकते आणि या मिनिटात घाबरून बटण बंद करणारेही निघतात. मग स्पीकरमधून एक ‘बीप’ येते. स्क्रीनवर ओळ उमटते की साठवलेल्या सेटिंगची बेरीज जुळत नाही, मूळ सेटिंग घेतल्या आहेत. सेटअपमध्ये शिरलं की घड्याळात तो बायोस तयार झाला त्या काळातलं कुठलंसं एक जानेवारी दिसतं. आजची तारीख भरायची, सीआर२०३२ बॅटरी जुनी असेल तर तीही बदलायची आणि एफ१० दाबून बाहेर पडायचं.